दाता क्रमांक चार आणि नऊ

माझ्या बायकोच्या नावावर सदतीस शोधनिबंध आहेत. हे मी बढाई मारायला सांगत नाही. म्हणजे बढाई मारायलाच सांगतोय, उगाच खोटं कशाला बोलू? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बायकोचं नाव सदतीस वेळा छापून आलंय, आणि सदतीसच्या सदतीस मी स्वतः मोजलेत.

दरवर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर ती यादी पसरते. बायको लॅपटॉपवर बघते आणि मी कागदावर बोट ठेवून वाचतो: अनुक्रमांक, साल, खंड, पानं. शीर्षकं मला धड उच्चारता येत नाहीत. एकदा एक शीर्षक वाचताना मी दम खायला थांबलो, तर लेक म्हणाली, "बाबा, अजून अर्धं राहिलंय." पण आकड्यांत माझी चूक होत नाही, हे बायकोही मान्य करते. तिनं मान्य केलेल्या माझ्या गुणांची यादी फार छोटी आहे, म्हणून हा मुद्दाम सांगितला.

यंदाच्या यादीवर मात्र बरंच काही टांगलेलं होतं. तिच्या संस्थेत नवा विभाग निघणार होता, शरीराच्या स्वतःच्या पेशींना कॅन्सरशी लढायला कसं लावायचं याचा, आणि त्याच्या प्रमुखाची जागा भरायची होती. वयाची अट पन्नास. बायकोला एकोणपन्नास पूर्ण झालेली. म्हणजे पहिली संधी हीच आणि शेवटचीही हीच. जागा मिळाली तर तिची स्वतःची प्रयोगशाळा, तिच्या हाताखालची चार माणसं कायम, आणि तिनं शोधलेला उपचार थेट वॉर्डात. त्यासाठी बारा रुग्ण निवडूनही ठेवले होते. नाही मिळाली तर तिची खोली दुसऱ्या कुणाच्या तरी विभागात जाणार आणि माणसं चार दिशांना. आणि हे सगळं उभं होतं यादीतल्या एकोणीस नंबरच्या निबंधावर.

एकोणीसचं सांगतोच, पण आधी ही बाई कोण ते कळायला हवं.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. म्हणजे ती लिफ्टमध्ये आणि मी लिफ्टच्या डोक्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये गाडी अडकली होती. मी वरून ओरडलो, "घाबरू नका हो!" खालून आवाज आला, "मी घाबरलेली नाही. माझ्या डब्यातला बर्फ वितळतोय. तुम्हाला अजून किती वेळ लागेल?" मी म्हटलं, दहा मिनिटं. ती म्हणाली, "सात करा." मी सहा मिनिटांत दार उघडलं. तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, डबा पोटाशी धरून पळत सुटली. दुसऱ्या दिवशी आभार मानायला मशीन रूमपर्यंत चढून आली आणि ब्रेक कसा चालतो ते विचारत अर्धा तास उभी राहिली. त्या अर्ध्या तासात मी कामातून गेलो.

तेव्हा ती मूळपेशींवर काम करायची. मूळपेशी म्हणजे पुढं काय व्हायचं ते अजून न ठरवलेली पेशी. दहावीच्या पोरासारखी. तिला वळण लावून रक्तातला पहारेकरी बनवायचं, हा हिचा धंदा. आणि या पेशींचे लाड विचारू नका! रोजच्या रोज ताजं खाणं, ठरलेल्या वेळी, सुटी नाही की रविवार नाही. आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळी आई विचारत होती, "नवरी कुठाय?" मी म्हटलं, "पेशींना खायला घालायला गेलीय." आई म्हणाली, "आणि आम्ही काय हवा खायची?" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव पेशीबाई पडलं, ते आजतागायत.

तिची यादी नीट वाचली की आमचा संसार दिसतो. पहिल्या सात निबंधांत तिचं नाव मधे कुठंतरी, गर्दीत. मग ते पहिलं येतं, कारण तिच्या धंद्यात ज्यानं हाडं झिजवली त्याचं नाव पहिलं. आणि पुढं पुढं ते शेवटी जातं, कारण शेवटचं नाव वरिष्ठाचं. मधून पुढं यायचं आणि पुढून मागं सरकायचं, याला हे लोक प्रगती म्हणतात. अकरा नंबरच्या निबंधाची छापण्याआधीची तपासणी तिनं बाळंतपणाच्या खाटेवर केली, एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात लेक. चौदा आणि पंधराच्या मध्ये तीन वर्षं कोरी आहेत. तेव्हा माझे सासरे अंथरुणाला खिळले होते. घड्याळं दुरुस्त करायचे ते, बोलायला फार गोड माणूस. त्यांना कॅन्सर झाला, आणि पेशी पेशी करणाऱ्या त्यांच्या लेकीच्या हातात काहीही नव्हतं. ते गेल्यावर पंधराव्या दिवशी ती कामावर गेली आणि विषय बदलून आली. पंधरापासून पुढं प्रत्येक शीर्षकात कॅन्सर आहे.

आता एकोणीस. तो काय म्हणतो हे मला आज पाठ आहे, आधी नुसते आकडे पाठ होते. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या लढाऊ पेशी वेगळ्या काढायच्या. हिनं मूळपेशींपासून घडवलेले पहारेकरी त्या लढाऊ पेशींना शिकवतात की कॅन्सर कसा दिसतो. मग त्यांना कॅन्सरच्या पेशींवर सोडायचं. नऊ नळ्या रक्त जमलं, त्यातल्या पाच वापरण्याजोग्या निघाल्या. तीन नळ्यांतल्या पेशी नुसत्या हातावर हात ठेवून बसल्या. दोन नळ्यांतल्या पेशींनी कॅन्सरचा फडशा पाडला. दाता क्रमांक चार आणि दाता क्रमांक नऊ. एकाच्याच बाबतीत झालं असतं तर लोकांनी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण दोन वेगळी माणसं, मध्ये दोन वर्षांचं अंतर, आणि परिणाम अगदी तोच! त्यावर जगभरातून तिला पत्रं आली.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यातला रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर बायकोनं बाहेरच्या खोलीत भिंतीवर चादर लावली, त्यावर चित्रं पाडली आणि आमच्यापुढं भाषणाची तालीम सुरू केली. लेक घड्याळ लावून बसली होती. मी परीक्षक म्हणून पाय पसरून. एकोणीस नंबरचं चित्र आलं. पाच खांब, तीन बुटके आणि दोन उंच. बायको काठीनं दाखवत म्हणाली, "दाता चार आणि दाता नऊ. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि हाच या निष्कर्षाचा कणा आहे."

मला हसू आलं. किती वर्षं मी ही गंमत पोटात ठेवली होती! मी म्हटलं, "संबंध नाही कसा? चांगले एका अंगात राहतात. चार मीच आणि नऊही मीच."

"बाबा, मधे बोलू नका, वेळ मोजतेय," लेक म्हणाली.

"अगं खरंच." मी पाकिटातून दोन कार्डं काढली. लायसनच्या मागं जपून ठेवली होती. एकावर चार, एकावर नऊ, खाली तारखा आणि नर्सची सही.

झालं होतं असं. संस्थेच्या तळमजल्यावर पाटी लागली होती, रक्तदाते हवेत. मी तिथं दाराचा सेन्सर बदलायला गेलो होतो. म्हटलं, बायकोचं काम आहे, देऊन टाकू. रक्त कुणाचं हे संशोधकाला कळायचं नाही, असा नियम. नर्स वहीत नाव लिहिते, नळीवर नुसता क्रमांक घालते आणि वही कुलपात जाते. मला ते झकास वाटलं. म्हटलं, एक दिवस सांगून हिला गार करायचं. दोन वर्षांनी ही घरात चिडचिड करायला लागली, दातेच मिळत नाहीत म्हणून. मी परत गेलो. आता नर्स नवी, वही नवी, फॉर्मही नवा. त्यात एक प्रश्न होता: याच अभ्यासासाठी पूर्वी रक्त दिलं आहे का? मी बिनधास्त 'नाही'वर खूण केली. मला काय ठाऊक की एकच अभ्यास चार चार वर्षं चालतो? मला एका लिफ्टला फार तर दोन दिवस लागतात!

बायकोनं कार्डं हातात घेतली. तारखा बघितल्या. स्वतःच्या वहीतल्या तारखा काढून शेजारी ठेवल्या. मग खुर्चीत बसली आणि काठी मांडीवर ठेवून चादरीकडे बघत राहिली. उंच खांब अजून दिसतच होते.  माणूस जीभ चावतो म्हणतात, मी तर अख्खी चावायला हवी होती, आणि तीही पाच मिनिटं आधी.

"आई, म्हणजे काय झालं?" लेकीनं विचारलं.

"म्हणजे पाच माणसं नव्हती, चार होती," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "आणि दोघांत जे झालं म्हणून मी सांगत फिरले, ते एकात झालं. फक्त तुझ्या बाबांत. ते का झालं, हे मला माहीत नाही. हा उपचार सगळ्यांवर चालेल की फक्त याच्यावर चालेल, हेही मला माहीत नाही."

मी म्हटलं, "हे बघ, हे आपल्या तिघांत राहील. वही कुलपात आहे. कार्डं मी आत्ता फाडतो. आठ दिवसांनी मुलाखत, जागा घेऊन टाक, मग निवांत काय ते बघ. कुणाला कळणार आहे?"

लग्नाला वीस वर्षं झाली. ती माझ्यावर चिडलेली मी शेकडो वेळा बघितलीय, पण त्या दिवशी तिचा आवाज ऐकून शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

"लिफ्टचा दोर झिजलाय हे तुला दिसलं, तर माणसं गाडीत घेशील तू? कुणाला कळणार म्हणून?"

 माझ्याच धंद्यातली गोष्ट काढून तिनं माझं तोंड बंद केलं, आणि खरं सांगतो, मला लाज वाटली.

सोमवारी सकाळी ती तिच्या सरांकडे गेली. हे तिचे जुने गुरू, निवृत्त झालेले, एकोणीसवर त्यांचंही नाव. मीही बरोबर गेलो, कारण गुन्हेगार मीच होतो. सरांनी चष्मा काढला, दोन्ही कार्डं आलटून पालटून बघितली आणि मला म्हणाले, "बाबा रे, तुझं रक्त म्हणजे काय आहे तरी काय!" मग तिला म्हणाले, "निबंध मागं घ्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण पत्र पुढच्या बुधवारी पाठव. मंगळवारी मुलाखत होऊ दे. आठ दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"सर, मंगळवारी मला त्या खोलीत एकोणीस नंबर दाखवून जागा मागावी लागेल," ती म्हणाली. "खोटा आहे हे माहीत असताना कशी मागू?"

सरांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "पत्र आण इकडं. आधी माझी सही घे."

त्याच दुपारी पत्र गेलं. वॉर्डात तिनं स्वतः जाऊन सांगितलं की बारा रुग्णांवर नवा उपचार करू नका, त्यांना नेहमीची औषधं सुरू करा. तिथले डॉक्टर वैतागले, कारण पेशी तयार होईपर्यंत आठ-दहा आठवडे रुग्णांना औषधांशिवाय थांबवायचं त्यांनी ठरवलं होतं आणि घरच्यांनाही तसं सांगितलं होतं. तिनं सगळी बोलणी ऐकून घेतली. प्रयोगशाळेतल्या चौघांना समोर बसवून सांगितलं. त्यातली सगळ्यात धाकटी पोरगी रडली, तिला स्वतःचा रुमाल दिला आणि म्हणाली, "रडून झालं की पेशींना खाणं घाल. दोन वाजून गेलेत."

आणि रात्रीची वाट न बघता, संध्याकाळी जेवणाआधीच, टेबलावर यादी काढली. मला वाटलं एकोणीस नंबर खोडणार. तिनं तो तसाच ठेवला. त्याच्यापुढं एक ओळ घातली: निबंध मागे घेतला आहे, दाता क्रमांक चार व नऊ ही एकच व्यक्ती असल्याचे आढळले. मी म्हटलं, "काढूनच टाक की. छत्तीस काय कमी आहेत?" ती म्हणाली, "मी केलाय ना तो? मग यादीत राहणार."

मंगळवारी मी तिला सोडायला गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. आत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. समितीच्या अध्यक्षीणबाईंनी ती ओळ वाचली आणि विचारलं, "ही चूक कुणाच्या लक्षात आली?"

"माझ्या नवऱ्याच्या."

"ते कुठल्या क्षेत्रात आहेत?"

"लिफ्ट दुरुस्त करतात."

म्हणे समितीतले पाचही जण हसले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "या निबंधाशिवाय तुमच्या उपचाराला आधार काय?"

"आज काहीही नाही," ही म्हणाली. "मला तीस नवे दाते द्या, सहा महिन्यांत सांगते. यावेळी प्रत्येकाच्या पेशींवरच्या खुणाही तपासून घेईन, त्यावरून माणूस ओळखू येतो. ते तेव्हाच करायला हवं होतं, मी केलं नाही."

जागा तिला मिळाली नाही. बाहेरून एक गृहस्थ आले, वयानं तिच्याहून लहान. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. मला उठता बसता एकच दिसायचं, माझं उघडं तोंड. ती मात्र गुरुवारी नव्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला अर्धी खोली, दोन माणसं आणि तीस दाते हवेत. साहेबांनी आढेवेढे घेतले. ती रोज जायला लागली. मला अनुभव आहे, ही बाई रोज यायला लागली की माणूस सहा दिवसांत हात टेकतो. साहेब चौथ्याच दिवशी टेकले. चारांतली दोन माणसं तिच्याकडे राहिली, दोघांना तिनं स्वतः फोन करून चांगल्या ठिकाणी लावून दिलं.

यावेळी वही नव्यानं घातली. एका माणसाला जन्मभर एकच क्रमांक, मग फॉर्म कितीही बदलोत. माझ्याकडून रीतसर सही घेऊन तिसऱ्यांदा रक्त काढलं. नर्सनं सुई लावताना विचारलं, "पूर्वी दिलंय का?" मी म्हटलं, "बाई, त्याच्यावरच तर सगळं रामायण झालंय."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. एकतीस माणसांपैकी सहा जणांच्या पेशी लढल्या, आणि मी धरून त्या सहाही जणांच्या पेशींवर एक खूण सारखी होती. ती जन्मापासून असते, आईबापांकडून येते. ती असेल तर उपचार चालतो. नसेल तर किती का वाट बघा, पेशी ढिम्म हलत नाहीत. एका साध्या रक्ततपासणीत आधीच कळतं. आता अडतिसावा निबंध तयार होतोय, आणि नवे साहेब त्याची प्रत खिशात घालून हिंडतात.

परवा ती दुपारीच घरी आली. कधी येत नाही. हातात एक कागद होता. त्या बारा रुग्णांच्या रक्ताचे जुने नमुने वॉर्डात ठेवलेले होते, ते तिनं परवानगी काढून तपासायला दिले होते.

"बारापैकी दोघांत खूण आहे," ती म्हणाली. "त्या दोघांना आता उपचार देता येईल. पुढच्या महिन्यात सुरू करू."

"वा!" मी म्हटलं. "अगं मग तोंड असं काय केलंस?"

"उरलेले दहा," ती म्हणाली. "मी त्या मंगळवारी गप्प बसले असते, तर जागा माझी होती. आणि त्या दहाजणांना मी नेहमीची औषधं बंद ठेवून दोन-अडीच महिने बसवून ठेवलं असतं. कधीच न चालणाऱ्या गोष्टीसाठी. सगळ्यांकडे तेवढे दिवस नव्हते रे. मी नावं बघून आलेय."

जागा गेली त्या दिवशी ती रडली नव्हती. आता टेबलावर डोकं टेकून रडली. मी शेजारी बसलो. लेक अभ्यास टाकून आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि टेबलावरची यादी पुढं ओढली. अनुक्रमांक, साल, खंड, पानं.

"दहा माणसं," ती म्हणाली. "हे कुठल्या रकान्यात घालू, सांग."

मी सगळे रकाने परत एकदा वाचून बघितले. न घडलेल्या गोष्टीचा रकाना त्यात नव्हता.